नोकरी बदलू का? आधी कागद, मग आकडा

आपल्या वस्त्यांमधल्या कितीतरी मुली आज एएनएम, जीएनएम करून दवाखान्यांत उभ्या आहेत. काही मुलगेही आहेत. कुणाच्या आईने बचत गटातून कर्ज काढले, कुणाच्या वडिलांनी गावचा जमिनीचा तुकडा गहाण टाकला, तेव्हा ही डिप्लोमाची फी भरली गेली. त्यामुळे अशा घरात मुलीचा पगार हा तिच्या एकटीचा पगार नसतो. धाकट्याची फी, आजीच्या गोळ्या, घरभाडे, कर्जाचा हप्ता हे सारे त्यातूनच जाते. म्हणूनच ती जेवताना हळूच म्हणते, "मी ही नोकरी सोडू का?" तेव्हा सगळ्यांचा घास थांबतो.

वीस वर्षे वॉर्डात काढून आता मी वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करते. औषधपाण्याच्या प्रश्नांइतकाच हा प्रश्न माझ्याकडे येतो. घरातून त्याला मिळणारी उत्तरे बहुधा दोनच असतात. पहिले, "दवाखाना जवळ आहे, डॉक्टर ओळखीचे आहेत, धरून ठेव." दुसरे, "तिकडे आठ हजार जास्त देतात ना? मग उद्याच जा." दोन्ही उत्तरे प्रेमापोटीच दिलेली असतात. पण पहिल्यात मुलीचे शरीर मोजलेले नसते आणि दुसऱ्यात नेमणुकीचा कागद वाचलेला नसतो. माझे मत असे आहे की नोकरी बदलण्याचा निर्णय घराने मिळून घ्यावा, पण पगाराच्या आकड्यापासून सुरुवात करू नये. आधी कागद, मग शरीर, मग मान आणि शिकणे, आणि शेवटी आकडा. हा क्रम धरला तर थांबायचे की निघायचे, हे बऱ्याचदा आपोआप कळते.

सेवा म्हणजे वेठ नव्हे

नर्सने सोडून जायचे म्हटले की मालक डॉक्टर एक वाक्य हमखास ऐकवतात : "ही नोकरी नाही, सेवा आहे. आम्ही तुला शिकवले, सांभाळून घेतले." हे ऐकून आपल्या मुली खाली मान घालतात. त्यांनी मान खाली घालू नये.

भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूची सेवा केल्याची कथा आपल्याला माहीत आहे. अतिसाराने पडलेल्या, स्वतःच्याच घाणीत लोळणाऱ्या त्या भिक्खूला बुद्धांनी आणि आनंदांनी स्वतःच्या हातांनी धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले. पण कथा तिथे संपत नाही. त्यानंतर त्यांनी सगळ्या भिक्खूंना एकत्र बोलावून विचारले, की याला कुणी का पाहिले नाही? आजाऱ्याची जबाबदारी त्यांनी साऱ्या संघावर टाकली. रात्रीच्या ड्युटीला तीस पेशंट आणि एकच सिस्टर ठेवायची, आणि तिने तोंड उघडले की सेवेचे नाव घ्यायचे, हे त्या कथेत कुठेच बसत नाही. आठ अंगांच्या मार्गात सम्यक आजीविका आहे. ज्या कामात स्वतःलाही पिळून घ्यावे लागत नाही आणि पेशंटचेही नुकसान होत नाही, ते काम त्यात बसते. दमून डोळे मिटणाऱ्या नर्सच्या हातून इंजेक्शनचा डोस चुकला, तर त्याची किंमत पेशंट मोजतो.

"सांभाळून घेतले" ही भाषा आपल्या आजोबा-पणजोबांनीही ऐकली आहे. वतनाच्या नावाने थोडी जमीन आणि थोडे धान्य द्यायचे, आणि त्याच्या बदल्यात दिवसरात्र कधीही हाक मारायची. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या बांधिलकीतून माणूस मोकळा करण्यासाठी. ठरलेले काम, ठरलेले तास आणि ठरलेला पगार मागणे ही कृतघ्नता नाही.

बाबासाहेबांनी स्वतःही नोकऱ्या सोडल्या आहेत. बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीसाठी १९१३ साली त्यांनी दहा वर्षे नोकरी करण्याचा करार लिहून दिला होता. १९१७ साली ते तिथे रुजू झाले, पण कचेरीतला अपमान आणि राहायला जागा न मिळणे यामुळे काही दिवसांतच त्यांना शहर सोडावे लागले. पुढे १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. ती चांगल्या पगाराची नोकरी होती. तरीही परळच्या चाळीत काटकसरीने राहून त्यांनी पैसे साठवले, १९२० साली राजीनामा दिला आणि अपुरे शिक्षण पुरे करायला लंडन गाठले. पहिली नोकरी त्यांना सोडावी लागली. दुसरी त्यांनी ठरवून, तयारी करून सोडली. आपल्या मुलींवर पहिल्यासारखी वेळ येऊ नये, आणि सोडायचीच झाली तर दुसरीसारखी सोडता यावी, यासाठी घराने उभे राहायचे आहे.

आधी कागद

जुन्या ठिकाणी असो वा नव्या, चार कागद पाहा. नेमणूकपत्र, पगाराची पावती, पीएफ आणि ईएसआय.

नेमणूकपत्रात पद, पगार, कामाचे तास, आठवड्याची सुट्टी आणि नोटीसचा काळ लिहिलेला असावा. "स्टाफ नर्स" म्हणून कामावर घेऊन कागदावर "ट्रेनी" किंवा "असिस्टंट" लिहिण्याची चाल फार ठिकाणी आहे. उद्या अनुभवाचे पत्र त्याच नावाने मिळते आणि दोन वर्षांचा अनुभव वाया जातो.

पीएफमध्ये पगाराचे १२ टक्के तुमचे कापतात आणि तेवढेच मालकाने भरायचे असतात. मालकाच्या भागातला मोठा वाटा पेन्शन फंडात जातो. नोकरी बदलताना पीएफ काढून खाऊ नका. तुमचा यूएएन क्रमांक तोच राहतो, जुनी रक्कम नव्या खात्यावर वळवा. सगळ्या नोकऱ्या मिळून दहा वर्षे भरली तर वयाच्या ५८ व्या वर्षापासून पेन्शनचा हक्क येतो. लग्नासाठी, मोबाईलसाठी दर वेळी खाते रिकामे करणारी मुलगी हा हक्क गमावते.

ईएसआय महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांसाठी आहे. तुमच्याकडून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के जातात. त्यात तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांच्या उपचारांचीही सोय होते. म्हणून २०,००० वरून २३,००० वर उडी मारताना थांबून विचारा, की ईएसआय गेल्यावर त्याच्या जागी मेडिक्लेम आहे का? त्यात आईवडील आहेत का? घरात कुणाला डायलिसिस किंवा हृदयाचा आजार असेल, तर ते तीन हजार एका महिन्यातच संपतात.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिते. तुमची मूळ प्रमाणपत्रे आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचे नोंदणीपत्र अडवून ठेवण्याचा अधिकार कुठल्याही दवाखान्याला नाही. रुजू होताना मूळ कागद फक्त दाखवायचे, द्यायची ती झेरॉक्स. "बाँड भरा, मग कागद नेा" असे कुणी म्हटले तर एकटीने वाद घालू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि कौन्सिलकडे किंवा संघटनेकडे जा.

मग शरीर

हे आरोग्याचे पान आहे, म्हणून यावर जरा जास्त लिहिते. नर्सचे घर म्हणजे बहुधा एक खोली आणि एक माळा. ती वॉर्डातून जे घेऊन येते, ते त्याच खोलीत लहान मूल आणि म्हातारी आजी यांच्यामध्ये येते. म्हणून नव्या जागी मुलाखतीला गेल्यावर पगाराइतक्याच ठामपणे हे विचारा : हेपेटायटिस बीच्या लशीचे तीन डोस दवाखाना देतो का? दुसरा डोस पहिल्यानंतर एका महिन्याने आणि तिसरा सहा महिन्यांनी असतो, अर्धवट सोडू नका. सुई टोचली तर कुणाला कळवायचे, त्याची नोंद कुठे होते? एचआयव्ही टाळण्याची औषधे शक्यतो दोन तासांत आणि फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. रात्री दोन वाजता सुई टोचली आणि औषधाचे कपाट कुलूपबंद असेल, तर त्या दवाखान्याच्या काचेच्या इमारतीला काय करायचे? टीबीचा पेशंट असलेल्या वॉर्डात एन-९५ मास्क मिळतो का, की दोन रुपयांचा कापडी?

किती पेशंटला एक नर्स, हेही विचारा. आयसीयूत व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक नर्स हा सगळीकडे मान्य असलेला दंडक आहे. तिथे एकीच्या अंगावर तीन व्हेंटिलेटर असतील, तर जादा पगार हा खरे तर जादा ओझ्याचा मोबदला आहे.

जुन्या ठिकाणी थांबायचे की नाही, हे ठरवतानाही शरीराचे ऐका. सलग नाइट करून पाळी बिघडली, कंबर धरली, झोप उडाली, ड्युटीला निघताना पोटात गोळा येऊ लागला, तर हे लाड नव्हेत. आईने हे ओळखावे. "आमच्या वेळी आम्ही डोक्यावर घमेली वाहिली" हे खरे आहे, पण मुलीने तेच सोसावे म्हणून तिला शिकवलेले नाही.

मान आणि शिकणे

आडनाव ऐकून राहायची वस्ती विचारणारे अजून आहेत. मी एका दवाखान्यात पाहिले आहे की बेडपॅन, प्रेताची बांधाबांध आणि सगळ्या सणांच्या नाइट ठरावीक आडनावांच्याच वाट्याला यायच्या, आणि ऑपरेशन थिएटरमध्ये शिकायची संधी दुसऱ्यांना मिळायची. बेडपॅन देणे हलके काम नाही, ते नर्सिंगच आहे. पण ते कुणाच्या वाट्याला सारखे येते, हे पाहिलेच पाहिजे. अशा वेळी ड्युटीच्या तक्त्याचा महिन्याचा फोटो काढून ठेवा. जातीवरून उघड अपमान झाला तर कायदा आहे. लैंगिक छळासाठी २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती असली पाहिजे. तिच्या सदस्यांची नावे भिंतीवर आहेत का, हे मुलाखतीच्या दिवशीच पाहून घ्या.

शिकणेही मोजा. दोन वर्षांत डायलिसिस, नवजात शिशू विभाग किंवा आयसीयूचे काम हातात बसणार असेल, तर थोड्या कमी पगारावर थांबणे शहाणपणाचे ठरते. पाच वर्षे फक्त सलाईन लावणे आणि बिलाची फाइल खालीवर नेणे एवढेच चालले असेल, तर जवळचा दवाखाना हा मुलीच्या हिशेबी महागच पडला.

शेवटी आकडा

आता एक हिशेब मांडू. समजा, वस्तीजवळच्या तीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये १४,००० रुपये रोख मिळतात. ड्युटी बारा तासांची, महिन्याचे २६ दिवस. म्हणजे ३१२ तास, आणि तासाला साधारण ४५ रुपये. पीएफ नाही, ईएसआय नाही. चालत जायचे, म्हणून भाडे नाही.

शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलने "२२,३०० चे पॅकेज" सांगितले. घरात आनंद झाला, ८,३०० रुपये वाढले! पण पॅकेज म्हणजे पगार नव्हे. त्यात मालकाने भरायचा पीएफ, ईएसआय आणि ग्रॅच्युइटीही मोजलेली असते. ते वजा जाता पगार उरतो १९,५०० च्या आसपास. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० असेल, तर १,५६० रुपये पीएफ आणि सुमारे १४७ रुपये ईएसआय तुमच्याकडून कापले जातात. हातात येतात जवळपास १७,८००. बस, लोकल आणि शेअर रिक्षाचे १,८०० गेले की उरतात १६,०००. म्हणजे घरात खरी वाढ आली दोन हजारांची.

मग जाऊ नये का? थांबा, दुसरी बाजूही मोजा. इथे ड्युटी आठ तासांची आहे, हँडओव्हरचा अर्धा तास धरून महिन्याचे २२१ तास. रोजचा तीन तासांचा प्रवास मिळवला तरी २९९ तास होतात, म्हणजे जुन्या ठिकाणापेक्षा कमीच. भाडे वजा करून आणि प्रवासाचा वेळ धरूनही तासाला ५३ रुपयांच्या वर पडतात. शिवाय दोन्ही बाजूंचा मिळून महिना ३,१२० रुपये पीएफ जमा होतो आणि आईच्या शुगरची औषधे ईएसआयमध्ये येतात. आकडा आधी वाटला तितका मोठा नव्हता, पण कागद आणि शरीर धरले तर जागा चांगली निघाली. दुसऱ्या घरी हाच हिशेब उलटाही येईल. रात्री अकराला सुटणारी ड्युटी आणि परतीच्या गाडीची सोय नसेल, तर मी थांबायलाच सांगेन.

पगार मागताना एक गोष्ट हाताशी ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने खासगी दवाखान्यांतल्या नर्सच्या पगाराची शिफारस केली. दोनशेपेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी पगाराइतका, शंभर ते दोनशे खाटांना फार तर १० टक्के कमी, पन्नास ते शंभरला फार तर २५ टक्के कमी, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांनाही २०,००० च्या खाली नाही. ही शिफारस आहे, दवाखान्याला थेट बांधणारा कायदा नव्हे. तरीही "एवढाच पगार असतो" म्हणणाऱ्यापुढे हे आकडे ठेवता येतात.

घाईने सोडू नये अशा वेळा

ग्रॅच्युइटीसाठी कायम नोकरीत सलग पाच वर्षे लागतात. १३,००० मूळ पगारावर पाच वर्षांचे ३७,५०० रुपये होतात. चार वर्षे दहा महिने झाले असतील, तर दोन महिने कळ काढा.

दिवस गेले असतील तर विशेष जपा. मातृत्व रजेसाठी बाळंतपणाच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे ८० दिवस काम झालेले असावे लागते. ईएसआय असेल तर विमा क्रमांक तोच चालतो आणि जुन्या ठिकाणची वर्गणीही धरली जाते, म्हणून तो क्रमांक नव्या मालकाला आठवणीने द्या.

सरकारी भरतीची तयारी चालू असेल तर अभ्यासाला वेळ देणारी नोकरी धरा, मग पगार थोडा कमी का असेना. राज्याच्या भरतीत मागासवर्गीयांना वयोमर्यादा ४३ वर्षांची आहे, तेव्हा तिशी उलटली म्हणून अर्ज भरणे सोडू नका. जातीचा दाखला आणि जात वैधता आजच काढून ठेवा. भरती निघाल्यावर तहसीलच्या रांगेत उभे राहून कित्येकींची मुदत गेलेली मी पाहिली आहे.

आणि रागात कधीच सोडू नका. नवे नेमणूकपत्र हातात आल्याशिवाय जुना राजीनामा देऊ नका. राजीनामा लेखी द्या, नोटीसचा काळ भरा, रिलिव्हिंग आणि अनुभवाचे पत्र घ्या. ज्यांच्यावर हात टाकला गेला, ज्यांचा छळ झाला, त्यांनी मात्र यातल्या कशाचीही वाट पाहू नये. त्यांनी त्याच दिवशी बाहेर पडावे आणि घराने एक शब्दही न विचारता दार उघडावे.

घराने आणि विहाराने काय करावे

आईवडिलांना आणि सासरच्यांना माझी एक मागणी आहे. मुलीच्या नोकरीवर एवढे कर्ज चढवू नका की तिला सोडताच येऊ नये. दोन महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल तर ती मालकाशी मान वर करून बोलू शकते. हप्ते डोक्यावर असतील तर मालक जे म्हणेल त्याला ती हो म्हणते, आणि मालकाला हे बरोबर कळते.

शेवटचे विहाराबद्दल. एकीने नोकरी बदलली म्हणजे तिची सुटका होते, पण त्याच खाटांवर, त्याच पगारावर पुढची मुलगी येऊन उभी राहते, आणि तीही आपल्याच एखाद्या वस्तीतली असते. म्हणून महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर वस्तीतल्या सगळ्या सिस्टर, ब्रदर आणि आया मावश्यांनी तासभर बसावे. कुठे किती पगार, किती तास, कागद मिळतो की नाही, लस देतात की नाही, हे एका वहीत लिहावे. नवी मुलगी मुलाखतीला जाण्याआधी ती वही वाचून जाईल. एकाच दवाखान्यातल्या चौघी एकत्र निघाल्या, तर सोडून जाण्याऐवजी पीएफ सुरू करून घेण्याची ताकदही त्यांच्यात येईल. संघटित व्हा हे आपण जयंतीच्या फलकावर दर वर्षी लिहितो. त्या वहीचे पहिले पान या महिन्यातच भरू या.

जय भीम. नमो बुद्धाय.